मान अवघडली का?

प्रिय मुली,

तुझ्या एचिंगचा, म्हणजे प्लेटवर सुईनं रेघा ओढून ॲसिडनं कोरून छापलेल्या प्रिंटचा, फोटो पाहिला. लोअर परळचा टॉवर, आणि एकूण एक रेघ वाकडी. खाली तुझा प्रश्न: "मॅरिनसारखं का होत नाही?" मला एवढंच सांग, त्या टॉवरखाली जाऊन उभी राहिलीस का? मान अवघडली का?

तुला वेड लावणारं मॅरिनचं ते एचिंग, 'वूलवर्थ बिल्डिंग (द डान्स)', १९१३ चं. इमारतही त्याच वर्षी खुली झाली. ७९२ फूट, तेव्हा जगात सर्वांत उंच. न्यूयॉर्क तिची उंची मिरवत होतं आणि जॉन मॅरिन या अमेरिकन चित्रकारानं तिला चक्क नाचायला लावलं. खाली माणसं म्हणजे नुसते फराटे, बाजूला झाडाच्या काटक्या, आणि अख्खा मनोरा कमरेत लचकलेला. शहरात जिवंत फक्त माणसंच का, इमारती काय मेलेल्या आहेत, असा त्याचा सवाल होता.

पण अगं, हा माणूस आधी आर्किटेक्ट होता! सरळ रेघ त्याच्या हातात मुरलेली. युरोपात असताना कॅथेड्रलांची किती शहाणी, नाजूक एचिंग्ज केली त्यानं. वूलवर्थपुढे ती रेघ पुरेना, म्हणून वाकली. तुझी वाकली ती त्याचं चित्र मोबाइलवर बघून. रेघ वाकवण्याआधी मान वाकव.

चिडलो, माफ कर. प्लेट छान खाल्लीय ॲसिडनं, ग्राउंडही, प्लेटवरचा तो मेणाचा थर, कुठे सुटलेला नाही. हात आहे तुझा, म्हणून तर चिडतोय.

गिरणगावातली धुराडी पाडत होते तेव्हा मी घरी बसून फोटोवरून प्लेटी करत होतो. पट्टी लावून. एका कॅलेंडरवर छापूनही आल्या. धुराडी गेली, आणि माझ्याकडे उरली ती फोटोग्राफरची नजर. दोन मुलांच्या फिया होत्या, उन्हात उभं राहायला वेळ कुणाला होता? हे कारण मी आजही देतो, आणि ते अगदीच खोटं नाही. पण परळ स्टेशनवरून धुराडी दहा मिनिटांवर होती, हेही खरंच.

तेव्हा छोटी प्लेट ग्राउंड लावून पिशवीत टाक, सुई घे आणि जा. वॉचमन हाकलेल, समोरच्या फुटपाथवर जा. छाप उलटी येईल, येऊ दे. लगेच प्रिंट पाठवू नकोस. आधी मान कशी आहे ते कळव. आयोडेक्स माझ्याकडे आहे.