जास्त मान्ना वेचला, तरी गुण का नाहीत?

मेच्या सुट्टीतली व्हीबीएस (मुलांची बायबल शाळा) जवळ आली की आमच्या टपालात संगणकाचे प्रश्न वाढतात. या वेळी बहुतेकांनी बायबलमधल्या निर्गम आणि गणना या पुस्तकांतल्या, इस्राएल लोकांच्या रानातल्या प्रवासाच्या कथांबद्दल विचारलं आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या संडे स्कूलमध्ये ९ ते १२ वयाची १८ मुलं आहेत. स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) मान्ना, म्हणजे रानात लोकांना रोज सकाळी जमिनीवर मिळणारं अन्न, वेचायचा खेळ केला. जो जास्त वेचेल तो जिंकला. मुलं रंगून खेळली, पण मान्ना उद्यासाठी ठेवला तर काय झालं, हे नंतर एकालाही सांगता आलं नाही. कुठे चुकलं?
– एक शिक्षिका, अहिल्यानगर

खेळाचा नियम गोष्टीच्या नेमका उलटा झाला. निर्गमच्या १६व्या अध्यायात कोणी जास्त वेचतो, कोणी कमी. पण ओमर या मापाने मापल्यावर जास्त वेचणाऱ्याचं काही उरत नाही आणि कमी वेचणाऱ्याला काही कमी पडत नाही. तुमच्या खेळात हावरट मूल पहिलं येतं. तोंडाने तुम्ही काहीही सांगा, गुण कशाला मिळतात तेच मुलं शिकतात. रानातल्या कथांचा कुठलाही खेळ करताना आधी एवढंच तपासा: इथे जिंकायला जे करावं लागतं, ते गोष्टीत बरोबर ठरलं होतं की चूक?

आता दुरुस्ती. चार व्हेरिएबल (आकडा साठवायचे कप्पे) घ्या: दिवस, माणसं, हातात, साठा. नावं देवनागरीत चालतात. खेळ सुरू होताना ‘माणसं’मध्ये ३ ते ७ मधला कुठलाही आकडा येऊ द्या, तंबूत तेवढी तोंडं. सकाळी मान्नाच्या स्प्राइटचे (पडद्यावरच्या चित्राचे) ६० क्लोन, म्हणजे नकला, जमिनीवर पसरा. मूळ स्प्राइट ‘हाइड’ करा आणि क्लोनच्या स्क्रिप्टमध्ये ‘शो’ टाका, नाहीतर एक मान्ना कायम मधोमध चिकटून राहतो आणि वेचलाच जात नाही. ‘भरपूर दिसू दे’ म्हणून क्लोन वाढवत नेऊ नका. एका वेळी ३०० ही स्क्रॅचची मर्यादा आहे. पुढचे क्लोन गुपचूप तयारच होत नाहीत, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ४० सेकंदांनी सूर्य वर आला की उरलेले सगळे क्लोन विरघळू द्या, कारण ऊन तापलं की तो वितळत असे.

वेचताना मुलाला अडवू नका. ‘हातात’ २५ झाले तरी होऊ द्या. संध्याकाळी मापायचं दृश्य आणा आणि तिथे ‘साठा’ माणशी एक ओमर, म्हणजे ‘माणसं’ एवढाच भरा. सहाव्या दिवशी दुप्पट. २५ वेचणारा आणि ४ वेचणारा, दोघांचंही माप सारखंच भरतं. इथे मुलं ‘टीचर, कॉम्प्युटर चीटिंग करतोय’ म्हणून ओरडतात. त्या क्षणी खेळ थांबवा आणि तो अध्याय वाचून घ्या. आधी वाचला असता तर कोणी कान दिला नसता.

मापल्यावर दोन बटणं: ‘सगळं खा’ आणि ‘थोडं उद्यासाठी ठेव’. ठेवलेल्याला सकाळी किडे पडतात, फक्त सातव्या दिवशी पडत नाहीत. ‘दिवस’ला ७ ने भागून बाकी शून्य आली की तो सातवा दिवस, ‘मॉड’ ब्लॉक त्यासाठीच आहे. बहुतेकांची स्क्रिप्ट इथेच फसते. किड्यांची तपासणी आधी आणि ‘दिवस’ एकने वाढवणं नंतर, असा क्रम लागला तर तपासणीच्या वेळी ‘दिवस’ अजून ६च असतो. मग शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवलेला मान्ना सडतो आणि दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या सकाळी सडायला हवा तो ताजा राहतो. म्हणून आधी दिवस वाढवा, मग किडे तपासा.

सातव्या दिवशी एकही क्लोन नको. ३० सेकंद नुसता तंबू. मुलं माऊस घेऊन बाहेर शोधत फिरतील, फिरू द्या. सातव्या दिवशी वेचायला बाहेर पडलेले लोक त्या कथेतही आहेत आणि तेही रिकाम्या हाताने परतले. या खेळात गुण ठेवूच नका. आठवडाभर तंबूतली सगळी तोंडं जेवली की खेळ पुरा.

आणखी एक. वेचायच्या वस्तूवर ‘मान्ना’ असं नाव लिहू नका. लोकांनी ती पाहून एकमेकांना ‘हे काय?’ असंच विचारलं आणि त्या हिब्रू प्रश्नावरूनच नाव पडलं, असं कथा सांगते. मुलांच्या तोंडून तो प्रश्न आला की मग नाव सांगा. दिसायला तो धण्यासारखा होता, तेव्हा वर्गात मूठभर धणे न्या. एक ओमर म्हणजे अंदाजे दोन लिटर. तेवढ्या मापाचा घरातला डबा मधे ठेवला की ‘माणशी एवढं, रोज’ हे मुलांना डोळ्यांनी कळतं.

आमच्याकडे मुलं २० आणि संगणक चार. कीबोर्डवरून भांडणं होतात. सगळ्यांना एकत्र खेळता येईल अशी कुठली कथा?
– धर्मशिक्षण वर्ग, वसई

अमालेकी या टोळीशी रानातल्या रफीदीमला झालेली लढाई, निर्गम १७. इस्राएलचा पुढारी मोशे याचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी, हात खाली आले की अमालेक्यांची. शेवटी त्याला धोंड्यावर बसवतात आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. एका संगणकाला पाच मुलं: मोशे, अहरोन, हूर, यहोशवा आणि वाचक.

‘उंची’ हे व्हेरिएबल १०० पासून सुरू करा, दर सेकंदाला ६ कमी होऊ द्या आणि १०० च्या वर जाऊ देऊ नका. मोशेची वरच्या बाणाची कळ पहिली ३० सेकंदं दर दाबाला ५ ने उंची वाढवते, पुढची ३० सेकंदं ३ ने, त्यानंतर फक्त १ ने. थकवा असा आकड्यांतून येतो. मोशे झालेलं मूल जिवाच्या आकांताने कळ बडवतं आणि हात तरी खालीच येतात. मग वाचकाने धोंड्यावर क्लिक केलं की अहरोनची ए आणि हूरची एल या कळा चालू होतात, दर दाबाला २. उंची ५० च्या वर असेल तेव्हाच माऊसने हलणारा यहोशवा, म्हणजे लढणाऱ्यांचा म्होरक्या, पुढे सरकतो. एकूण तीन मिनिटं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, कळ दाबून धरली की संगणक ती पुन्हा पुन्हा दाबल्यासारखी मोजतो आणि मोशे थकतच नाही. प्रत्येक कळीच्या स्क्रिप्टच्या शेवटी, कळ सुटेपर्यंत थांबणारा ‘वेट अनटिल’ ब्लॉक लावा. दुसरी, दणकट अहरोन एकटाच ए दाबत राहतो आणि हूर कंटाळतो. ‘शेवटचा’ हे व्हेरिएबल ठेवा आणि ए नंतर एल, एल नंतर ए असा आलटून पालटून आलेला दाबच धरा. कळा दाबून ठेवायला लावणारे खेळ टाळा. स्वस्त कीबोर्डला तीन-चार कळा एकदम दाबलेल्या नीट ओळखता येत नाहीत आणि मग खरीच लढाई होते.

ब्लॉकच्या खेळात निवासमंडपाचं (रानातल्या उपासनेच्या तंबूचं) अंगण बांधायचं आहे. एक हात म्हणजे किती ब्लॉक धरू? खांबांचा हिशेब जुळतच नाही.
– युवक संघ, पुणे

अंगणासाठी एका हाताला एक ब्लॉक. कोशासाठी (कराराच्या पवित्र पेटीसाठी) मात्र हे चालत नाही, कारण तो अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. अर्धा ब्लॉक कापत बसू नका. भांड्यांचं वेगळं दालन करा आणि तिथे एका हाताला दोन ब्लॉक धरा. कोश ५ × ३ × ३ होतो, समर्पित भाकरींचं मेज ४ × २ × ३. दोन्हीकडे माप वेगळं आहे, ही पाटी लावायला विसरू नका.

अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद, कनाती ५ हात उंच. मुलं १०० × ५० घरांचा आयत आखतात आणि तिथेच हिशेब बिघडतो, कारण कोपऱ्याचं घर दोन्ही बाजूंत मोजलं जातं. आयत १०१ × ५१ घरांचा आखा. कडेने फिरून मोजलं की बरोबर ३०० घरं भरतात. दर पाचव्या घरात खांब लावला की ६० खांब: दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला १०, पूर्वेला १०. निर्गम २७मध्ये हेच आकडे आहेत. प्रत्येक कोपऱ्याचा खांब एकाच बाजूच्या खात्यात धरायचा, एवढंच पथ्य.

दार पूर्वेला, २० हात. पूर्वेच्या घरांना ० ते ५० क्रमांक दिले तर १५ आणि ३५ या खांबांमधला भाग म्हणजे दार. दोन्हीकडे १५-१५ हात उरतात. सामान असं लागेल: खांबांना ३०० ब्लॉक, पांढरी लोकर ११२०, दाराला निळी, जांभळी आणि किरमिजी मिळून ८०. दहा मुलं असतील तर प्रत्येकाला सहा खांब आणि त्यांच्यामधल्या कनाती द्या. सुरुवात पश्चिमेच्या कोपऱ्यापासून करा. दारापासून केली तर सगळ्यांना दारच बांधायचं असतं.

पैसे खर्चायचे नसतील तर लुआंटी घ्या. मिनेटेस्ट याच खेळाचं २०२४मध्ये हे नवं नाव झालं. फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतो, इंटरनेट नसताना एकाच वाय-फायवर सगळी मुलं एका जगात येऊ शकतात. मात्र तो उतरवल्यावर आत खेळ नसतो. यादीतून ‘मिनेटेस्ट गेम’ घरीच उतरवून घ्या आणि ‘गेम्स’ हे फोल्डर पेन ड्राइव्हवरून सगळीकडे टाका, नाहीतर वर्गात रिकामा पडदा बघत बसाल. त्यात अकेशियाचं लाकूड मिळतं, म्हणजे मराठी बायबलमधली बाभूळ. मंडपाच्या फळ्या त्याच लाकडाच्या होत्या. सोन्याचा आणि ब्राँझचा ब्लॉकही आहे. चांदीचा नाही, तिथे पोलादाचा चालवा. दर वर्गानंतर जगाचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. एखादा उत्साही मुलगा परमपवित्रस्थानात (मंडपाच्या सगळ्यात आतल्या खोलीत) तळघर खणतोच.

आम्ही बेने इस्राएली (कोकणातले यहुदी). देवाला चित्रात दाखवणं आम्हाला मान्य नाही. मग मुलांच्या खेळात देव कसा आणायचा? वर्ग शनिवारी ठेवला तर चालेल का?
– एक पालक, ठाणे

देवाचा स्प्राइट करायचाच नाही. कथेनेच सोय केली आहे: दिवसा मेघस्तंभ, रात्री अग्निस्तंभ. एकाच स्प्राइटचे दोन कॉश्च्युम (रूपं) करा आणि पार्श्वभूमी बदलली की तेही बदला. गणना ९ प्रमाणे मेघ वर उठला तरच छावणी हलते. तो कधी एकच रात्र थांबे, कधी दोन दिवस, कधी महिना. म्हणून थांबायचा वेळ ५ ते ६० सेकंदांत रँडम ठेवा आणि किती उरला ते दाखवणारी पट्टी लावू नका. पट्टी दिसली की मुलं मेघाकडे बघत नाहीत, पट्टीकडे बघतात.

शनिवार नको. शब्बाथ पाळणाऱ्या घरी शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून संगणक बंद, आणि सातव्या दिवशी मान्ना वेचू नये हे शिकवायला त्याच दिवशी यंत्र चालवायचं, हे विचित्रच. कोकणात ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्या मुलांना तर हे सांगायलाही नको. रविवार सकाळ ठेवा.

सहा-सात वर्षांच्या मुलांना सोन्याच्या वासराची मूर्ती पुजल्याची कथा शिकवावी का? – सोलापूर

खेळातून नको. त्या कथेच्या शेवटी सुमारे तीन हजार माणसं मारली जातात. ते वगळलं तर कथा खोटी होते आणि ठेवलं तर त्याचा खेळ होतो. या वयाला टॅबवरचं स्क्रॅचज्युनिअर पुरे. त्यात एका प्रकल्पात चारच पानं बसतात: माराचं कडू पाणी, एलीमचे १२ झरे आणि ७० खजुरीची झाडं, मान्ना, खडकातून पाणी. ७० झाडं काढायचा हट्ट मुलांना करू द्या, मोजणं पक्कं होतं.

फोनवर रेकॉर्ड केलेली वचनं स्क्रॅच घेत नाही. – नाशिक

बऱ्याच फोनवर एम४ए फाईल तयार होते; स्क्रॅचला डब्ल्यूएव्ही किंवा एमपी३ लागते. बदलत बसण्यापेक्षा स्क्रॅचच्याच ‘साउंड्स’मध्ये जाऊन मुलांच्या आवाजात रेकॉर्ड करा.

रानाची पार्श्वभूमी कुठली घ्यावी? – मिरज

तयार चित्रांत बहुधा वाळूच्या टेकड्या आणि हात वर केलेले निवडुंग असतात. तसले निवडुंग मूळचे अमेरिकेतले, मोशेने ते पाहिलेले नाहीत. दक्षिण सीनाय म्हणजे लालसर ग्रॅनाइटचे उघडे डोंगर, गोटे भरलेल्या कोरड्या ओढ्यांची पात्रं, मधेच एखादी बाभूळ आणि पाणी असेल तिथे खजुरी. परंपरेने ज्याला सीनाय पर्वत मानतात तो जबल मूसा २,२८५ मीटर उंच आहे. मुलांना आधी त्याचा फोटो दाखवा आणि मग चित्र त्यांनाच काढू द्या. ओढ्याकाठच्या बाभळी त्यांनी रोज पाहिलेल्या असतात, त्या बरोबर जमतात.