मेल पुसले, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न : आमच्या छोट्या ऑफिसात मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम आहे, खाते पॉप पद्धतीचे, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे. हजारो जुने मेल पुसले, कचरापेटीही रिकामी केली. तरी इनबॉक्सची फाइल ११ जीबीच आहे. असे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : थंडरबर्डमध्ये एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापाठोपाठ साठतात. मेल पुसला की त्यावर फक्त ‘पुसलेला’ अशी खूण होते. मजकूर अटॅचमेंटसकट तिथेच राहतो. जागा सुटते ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच, म्हणजे पुसलेले मेल वगळून फाइल नव्याने लिहिल्यावरच.

त्याआधी थंडरबर्ड बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डर (ज्यात तुमचे मेल आणि सेटिंग्ज असतात) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हे टाळू नकाच. पॉप खात्यात मेलची एकमेव प्रत बहुधा तुमच्याच संगणकावर असते. शिवाय कॉम्पॅक्ट करताना आधी नवी फाइल लिहिली जाते, म्हणून निदान ११ जीबी जागा मोकळी हवी. मग इनबॉक्सवर राइट-क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ निवडा आणि काम संपेपर्यंत प्रोग्रॅमला हात लावू नका. मध्येच वीज गेली, किंवा अँटीव्हायरसने फाइल अडवली, तर ‘एनएसटीएमपी’ नावाच्या अर्धवट फाइली मागे राहतात आणि जागा उलट वाढते. यूपीएस असलेला बरा.

‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ ही सर्चच्या सूचीची फाइलही फुगली असेल. थंडरबर्ड बंद असताना ती काढून टाकता येते. पुढच्या वेळी नवी तयार होते. तोवर सर्च अपुरा चालेल, मेल मात्र सुरक्षित राहतात.