बेळगावात पाणी ९७ वरच उकळतं

प्रश्न : वकीलसाहेब, टिळकवाडीत मी आणि बायको मिळून छोटं ग्रिल सेंटर चालवतो. एक मुलगा हाताखाली आहे. दहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या विक्रेत्याकडून ८५ हजारांचं पेलेट ग्रिल, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारं ग्रिल, मागवलं. ११० डिग्रीवर लावलं की झाकणाला अडकवलेला माझा थर्मामीटर १३१ दाखवतो आणि चिकन करपतं. उकळत्या पाण्यात हा थर्मामीटर ९७ दाखवतो, म्हणजे तो ३ ने कमी दाखवतो. तेव्हा खरा फरक २४ डिग्रीचा झाला. कंपनी म्हणते सेन्सर ठीक आहे. बिलावर 'न्यायक्षेत्र पुणे' छापलंय. केस पुण्यात घालावी लागेल का?

उत्तर : पुण्याला जाऊ नका, आणि केस घालायची घाईही करू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे, पुरावा मात्र अजून कच्चा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना याचा मोठा आधार आहे; आपली निम्मी खरेदी कोल्हापूर-पुण्याकडची. बिलावरची छापील ओळ हा हक्क काढून घेत नाही. तुमची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा आणि मराठी व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचं भाषांतर जोडा.

'धंद्यासाठी घेतलं, मग हा ग्राहक कसा?' असं समोरचे हमखास म्हणतील. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने 'व्यापारी हेतू'तून वगळली आहे. मदतीला एक-दोन माणसं असली तरी ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सांगितलंय. नवराबायको दोघं स्वतः ग्रिलपाशी उभं राहता, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

आता त्या २४ डिग्रींकडे येऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथं पाणी १०० ला नव्हे, साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं. म्हणजे तुमचा थर्मामीटर जवळजवळ बरोबर आहे आणि ते तीन तुम्ही उगाच वाढवलेत. हा आकडा तक्रारीत गेला असता, तर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तुम्हाला उकळत्या पाण्याचं शास्त्र शिकवलं असतं. खात्रीसाठी कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात थर्मामीटर धरा. शून्य यायला हवं.

दुसरी अडचण जागेची. ग्रिलचा सेन्सर बहुधा पेटीच्या आतल्या भिंतीवर बोटभर लांबीच्या सळईसारखा असतो, आणि तो तिथल्या हवेचंच तापमान मोजतो. तुमचा थर्मामीटर वर झाकणाला. दोन्हीकडे दोन आकडे येणारच, त्यात खोट कुणाचीच नाही. शिवाय आतला स्क्रू फिरून जळणाच्या गोळ्या थांबून थांबून पडतात, त्यामुळे तापमान दहा-पंधरा डिग्री खालीवर होणं चालायचंच. म्हणून जाळीच्या मधोमध, धातूला न टेकता थर्मामीटरचा प्रोब (मोजणारी सळई) लावा. मांस ठेवू नका. अर्धा तास तापू द्या, झाकण उघडू नका, मग दर पाच मिनिटांनी तासभर ग्रिलचा आणि थर्मामीटरचा असे दोन्ही आकडे वहीत लिहा आणि सरासरी काढा. तीन वेगवेगळ्या दिवशी हेच करा. त्याआधी सेन्सरवरची काजळी मऊ कापडाने पुसा. तेलकट थर बसला की सेन्सर उशिरा जागा होतो. गोळ्या कोरड्या हव्यात. आपल्या पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की त्या फुगून भुसा होतात, आणि कंपनी नेमकं तेच कारण पुढे करील.

मोजमापाचा व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याला जोडता येतं.

सरासरी फरक मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत बसला, तर केस विसरा. जास्त निघाला, तर आधी कंपनीला लेखी कळवून तंत्रज्ञ बोलवा. सेन्सर स्वतः उघडू नका, वॉरंटीवर बोट ठेवायला त्यांना आयतं निमित्त मिळेल. तंत्रज्ञाने मोजलेले आकडे जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. 'ओके' एवढंच लिहून निघाला तर त्याखाली 'मान्य नाही' लिहून तुमची सही करा. माझ्या अनुभवात अशा भांडणात त्या एका कागदाचं वजन दहा फोटोंपेक्षा जास्त पडतं.

तरीही नाही सुटलं, तर स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि मग बेळगावच्या जिल्हा आयोगात या. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला कायद्याने ४५ दिवस दिलेत आणि तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, यांतलं काय हवं ते तक्रारीतच मागा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण दहा महिने गेलेच आहेत. वॉरंटी वर्षाची असेल तर कंपनीला लिहायचं पत्र या आठवड्यातच जाऊ द्या.