साथीच्या दिवसांत शाळेचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतल्या घेतल्या तू विचारलंस, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर निर्णय कोण घेणार आणि पैसे कसे खर्च करायचे? निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच घेणार. ही समिती सांगणारं शिक्षण हक्क कायद्याचं २१ वं कलम कोरोनातही लागूच होतं. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे तिचं नेमून दिलेलं काम.

पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कितीतरी गावांत समिती म्हणजे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक एवढंच उरलं. बैठका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. घरात स्मार्टफोन एक, तो बापाच्या खिशात. सदस्य असलेल्या आया आपोआप बाहेर पडल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, म्हणून तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. तू तसं होऊ देऊ नकोस. अंतर ठेवून पटांगणात बसता येत असेल तर तिथे बैठक घे. तेही बंद असेल, तर एकेका सदस्याला फोन लावून ठराव शब्दशः वाचून दाखव. कोण काय म्हणालं ते नाव आणि वेळेसकट लिही, आणि पुढच्या प्रत्यक्ष बैठकीत ते इतिवृत्त वाचून कायम करून घे.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती ‘कार्योत्तर मंजुरी’ची. एकदा खरी निकड असते. दुसऱ्यांदा सोय होते. मग आधी खरेदी, मागून सह्या, हीच रीत पडते. त्यापेक्षा साथीची चाहूल लागताच एक ठराव करून घे: तातडीच्या खर्चाला मुख्याध्यापकाची मर्यादा किती, आणि किती दिवसांत सदस्यांना बिल दाखवायचं. पटावर ३१ ते १०० मुलं असलेल्या शाळेला समग्र शिक्षाचं (केंद्राची शालेय शिक्षणाची योजना) संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये धरलेलं आहे, त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. एवढ्याशा रकमेत चढ्या भावाची एक खरेदीसुद्धा जाणवते. २१ मार्च २०२० ला केंद्र सरकारने २०० मिलिलिटर सॅनिटायझरचा कमाल दर १०० रुपये ठरवून दिला होता. असा दर जाहीर झाला की तो कागद बिलालाच टाचून ठेव. दुकानदार ओळखीचा असला तरी दरपत्रकं माग. ओळखीचा असला तर आधी माग.

आता तांदूळ. कोरोनात शाळेतलं शिजवलेलं दुपारचं जेवण थांबलं आणि कोरडा तांदूळ, डाळ, कडधान्य घरोघर द्यावं लागलं. खरी परीक्षा इथे असते, कारण इथे पैसा दिसत नाही, पोती दिसतात. हिशेब साधा आहे: पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, डाळ २० आणि ३० ग्रॅम. म्हणजे ४० दिवसांचं वाटप असेल तर लहानग्याला ४ किलो तांदूळ आणि ८०० ग्रॅम डाळ. हा आकडा वाटपाच्या आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लिही. पालक घरी जाऊन तोलून बघतात, बघू देत. सही किंवा अंगठा घेताना दिलेलं वजनही त्यांच्यासमोरच लिही. कोऱ्या यादीवर आधी सह्या आणि मग आकडे, हे कुणी कितीही घाई केली तरी नको. जी मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या गावी अडकली, त्यांचा वाटा साठा नोंदवहीत शिल्लक म्हणून दिसला पाहिजे. तो गरजूंना वाटून टाकू, असं भले लोकच सुचवतात. हेतू चांगला असेल, पण त्यासाठी वरून लेखी परवानगी लागते.

शाळा विलगीकरणासाठी मागितली तर ग्रामपंचायतीचं पत्र घे, वीज मीटरचं रीडिंग आणि सामानाची यादी करून दोघांच्या सह्या घे, शाळेच्या कागदपत्रांच्या खोलीची चावी मात्र तुझ्याकडेच राहू दे. लेखापरीक्षक येतो तो दोन-तीन वर्षांनी. तोवर तुझी बदली झालेली असेल, आणि उत्तर द्यायला कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, तेवढी जागेवर असेल.

ठरावाचा मसुदा पाठवलास तर नजर टाकेन. त्याआधी समितीची मुदत कधी संपते ते बघ. दोन वर्षं उलटून गेली असतील तर पुनर्रचना आधी, ठराव नंतर.

तुझे
गुरुजी