ट्यूबलेस रिमवर सहज चढेल आणि वाटेत सहज काढता येईल, असा रोड बाइकचा टायर कसा निवडावा?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेली अडचण अशी : रिम ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब न घालता टायर चालवायचे आहेत, टायर नवा आहे, शेवटची वीतभर कड काही केल्या आत जात नाही, टायरची कड उचलायचा एक लिव्हर मोडून झालाय. आणि खरी धास्ती वेगळीच आहे. उद्या वाटेत पंक्चर झालं तर हा टायर काढायचा कसा? म्हणून तुम्ही ‘सोपा टायर सांगा’ म्हणताय.

टायरची नावं सांगतो, पण आधी रिमकडे बघा. घट्ट की सैल हे एकट्या टायरवर ठरत नाही, टायर आणि रिमच्या जोडीवर ठरतं. एकच टायर एका रिमवर नुसत्या अंगठ्यांनी चढतो आणि दुसऱ्या रिमवर घाम काढतो. त्यामुळे ‘अमुक टायर फार घट्ट आहे’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, कोणत्या रिमवर?

टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणली जाणारी दोरीसारखी कडी असते, तिला बीड म्हणतात. ट्यूबलेस टायरमध्ये तर ती मुद्दामच अजिबात ताणू नये अशी बनवतात, कारण ट्यूब नसताना टायरला रिमवर धरून ठेवण्याचं काम तिचंच. म्हणजे जोर लावून बीड लांब होईल ही आशा सोडा. जागा मिळते ती रिमच्या मधल्या खोलगट भागातून, ज्याला चॅनेल म्हणतात. बीड शेवटी जिथे बसते त्या दोन सपाट पट्ट्या कडेला असतात, त्यांच्या आतल्या बाजूला बहुतेक रिमना बारीक उंचवटा असतो आणि मध्ये हे चॅनेल. चढवताना बीड चॅनेलमध्ये ढकलली, की ती लहान घेरावरून जाते आणि वाचलेली लांबी उरलेल्या टोकाला ढील म्हणून मिळते.

हिशेब सोपा आहे. चॅनेल पट्टीपेक्षा ३ मिमी खोल असेल, तर त्याचा घेर सुमारे १९ मिमी कमी भरतो. बीडचा तीन चतुर्थांश भाग चॅनेलमध्ये असेल तर साधारण १४ मिमी ढील हातात येते. चॅनेल दीडच मिमी खोल असेल तर ही ढील निम्मी. रिमची भिंत ओलांडायला हीच ढील लागते. तुम्ही कितीही महागडा टायर आणा, उथळ चॅनेलचा रिम तुम्हाला रडवणारच.

आता यात टेप, म्हणजे हवा सुटू नये म्हणून रिमच्या आत चिकटवतात ती पट्टी, आणा. ट्यूबलेसची चांगली टेप मिमीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी पातळ असते. तिचे दोन वेढे दिले तरी घेरात जेमतेम २ मिमीचा फरक पडतो. पण कुणी जुन्या सवयीने कापडी किंवा जाड प्लास्टिकची पट्टी लावली असेल आणि ती १ मिमी जाड असेल, तर ६ मिमी ढील तिथेच गेली. टेप चॅनेलच्या तळाला चिकटलेली नसेल, तंबूसारखी वर ताणलेली असेल, तरी तोच परिणाम. टायर बदलण्याआधी हे तपासून घ्या. पुठ्ठ्याचा तुकडा रिमच्या आतल्या रुंदीएवढा कापून दोन्ही पट्ट्यांवर आडवा टेकवा आणि त्याच्याखाली चॅनेल किती खोल आहे ते मोजा. टेपवर बोट दाबून पाहा, खाली पोकळ लागतं का. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे.

रिम ठीक आहे असं धरून आता टायरकडे येऊ.

रोड ट्यूबलेस बाजारात आलं २००६च्या सुमारास, हचिन्सन आणि शिमानो या कंपन्यांच्या पुढाकाराने. पण बरीच वर्षं रिमवाले आणि टायरवाले आपापल्या मापाने चालले होते. टायर सुटू नये म्हणून टायरवाले बीड घट्ट ठेवायचे, रिमवाले पट्टी किंचित मोठी ठेवायचे आणि दोन्ही एकत्र आले की भोग सायकलवाल्याच्या अंगठ्यांना. २०१७मध्ये माविक कंपनीने रोड यूएसटी ही पद्धत आणली, तेव्हा टायर आणि रिम दोन्हीची मापं एकत्र बांधली. पुढे ईटीआरटीओ आणि आयएसओ या मापं ठरवणाऱ्या संस्थांच्या मानकांतही ही मापं जास्त काटेकोर झाली. म्हणून माझा पहिला नियम असा, की रिम आणि टायर दोन्ही अलीकडच्या आखणीचे घ्या. कॉन्टिनेंटलचं उदाहरण बोलकं आहे. २०१८चा जीपी ५००० टीएल चढवायला अवघड म्हणून प्रसिद्ध होता. २०२१मध्ये आलेला जीपी ५००० एस टीआर चढवायला सोपा केल्याचं कंपनीने स्वतःच सांगितलं आणि तो हुकलेस, म्हणजे कडेला टायर धरणारा आत वळलेला हुक नसलेल्या, रिमवरही चालतो, जे टीएलला जमत नव्हतं. नावं जवळपास सारखी असल्याने जुन्या साठ्यातला टीएल स्वस्तात गळ्यात पडू शकतो, तेवढं पाहून घ्या. श्वाल्बेचा प्रो वन टीएलई हाही हाताने चढवता येणाऱ्यांत गणला जातो. पण पुन्हा तेच, तुमच्या रिमवर.

यापेक्षा भरवशाचा रस्ता म्हणजे रिम बनवणाऱ्याची यादी. एन्व्ही, केडेक्स यांसारख्या कंपन्या आपल्या रिमवर तपासलेल्या टायरांची यादी देतात. त्या याद्या सुरक्षिततेसाठी आहेत, सोपेपणासाठी नाहीत, पण यादीत नसलेला टायर घ्यायचाच कशाला? यादीतल्या दोन-तीन नावांपैकी कोणता हाताने चढतो, हे तोच रिम वापरणाऱ्याला विचारा. टायर वापरणाऱ्याला नाही.

रुंदीचाही फरक पडतो. २५-६२२ आणि ३०-६२२ यांत पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बीडच्या व्यासाचा, दोन्ही मिमीत. म्हणजे दोन्हींचा व्यास कागदावर एकच, पण रुंद टायरला हातात धरायला मांस जास्त मिळतं आणि तळव्याने तो वळवता येतो. कडेपासून कडेपर्यंत जाड संरक्षक थर असलेले टायर काट्याकुट्यांत उत्तम, पण कडक असल्याने बीड चॅनेलमध्ये टिकत नाही. एकीकडे दाबली की दुसरीकडे वर येते. आतून फोमचा इन्सर्ट टाकायचा विचार असेल तर वाटेत टायर काढायची गोष्ट विसराच.

आणि सोपा म्हणजे सैल, असं समजू नका. फार सैल टायर साध्या पंपाने रिमवर बसत नाही, कारण हवा कडेतूनच निघून जाते. वळणावर तो मध्येच फुस्स करून हवा सोडतो. हुकलेस रिमवर तर हा थेट जिवाशी खेळ आहे. तिथे टायरला धरायला हुक नाही, सगळी भिस्त बीडवर. म्हणूनच हुकलेस रिमवर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय ठेवलेली आहे आणि टायरवर हुकलेस चालतो असं स्पष्ट लिहिलेलं लागतं. मला स्वतःला असा टायर आवडतो, जो चढवताना शेवटच्या बोटभर जागेत थोडा कुरकुरतो आणि हवा भरताना ‘टक-टक’ आवाज करून दोन्ही कडा बसवतो.

तुम्ही सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव, वापरणारच नसाल, नुसती ट्यूब घालूनच चालवणार असाल आणि रिम हुकवाले असतील, तर ट्यूबलेस टायरचा हट्ट का? साधा फोल्डिंग क्लिंचर, म्हणजे ट्यूब घालून चालवायचा घडी होणारा टायर, घ्या. त्याची कड मऊ असते आणि हाताळायला खूप सोपी. हुकलेस रिमवर मात्र ट्यूब घातली तरी टायर ट्यूबलेसचाच लागतो, तिथे तडजोड नाही.

चढवण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल, तरी एक गोष्ट सांगतो, कारण चूक बहुधा तिथेच असते. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. व्हॉल्व्हचा बुडखा चॅनेल अडवून बसतो, तिथे बीड खाली जाऊच शकत नाही. उलट केलंत तर ढील त्या बुडख्यावरच अडकते. शेवटचा भाग राहिला की थांबा, समोरच्या बाजूपासून दोन्ही तळव्यांनी टायर चिमटत, बीड चॅनेलमध्ये लोटत व्हॉल्व्हकडे या. साबणाचं पाणी लावा. लिव्हर लागलाच तर प्लास्टिकचा, कार्बन रिमला धातूचा कधीच नाही. टायर एकदा चढून काही दिवस चालला, की पुढच्या वेळी बराच नरम वागतो, म्हणून नव्या टायरवरून कायमचा निकाल देऊ नका.

काढताना लोक लगेच लिव्हर घुसवतात आणि तोच मोडतो. पूर्ण हवा सोडल्यावरही बीड उंचवट्यापलीकडे अडकलेली असते, शिवाय सुकलेल्या सीलंटने चिकटलेली. आधी ती अंगठ्यांनी एका जागी आत ढकला. एक जागा सुटली की बाकीची सरकत येते. अंगठे कमी पडले तर चाक आडवं धरून टायरची बाजू बुटाच्या टाचेने हळू दाबा, रिमवर भार न देता. आणि फक्त एकच कड नाही, दोन्ही कडा सोडवा. पलीकडची कड पट्टीवर बसलेली राहिली, तर टायर ताठ राहतो आणि अलीकडची चॅनेलमध्ये उतरायला तयार होत नाही. दोन्ही कडा मध्ये आल्या, की व्हॉल्व्हपाशी लिव्हर घाला. बहुतेक वेळा एकच पुरतो.

नवा टायर बसवलात की तो एकदा घरीच, वाटेत जी अवजारं जवळ असतील फक्त त्यांनीच काढून पाहा. तेव्हा निघाला नाही तर भर पावसात रस्त्याच्या कडेला निघणार नाही, मग जोडी बदला. खरं तर सीलंट आणि भोकात ठासायचा प्लग जवळ असतील तर टायर काढायची वेळ क्वचितच येते. ती आलीच तर ट्यूब पातळ टीपीयूची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) ठेवा. जाड ट्यूब चॅनेलमध्ये जागा खाते आणि घट्ट टायर आणखी घट्ट होतो. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा. ट्यूबलेस व्हॉल्व्हही काढावा लागेल, म्हणून त्याचा नट बसवताना पकडीने आवळू नका. बोटांनी घट्ट केला तेवढा पुरतो आणि सीलंटने माखलेल्या बोटांनी तो सुटतोही.