तुमचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे : ‘तासभर बघू’ म्हणून थांबलो असतो तर?

प्रश्न : डॉक्टर, आमची कुत्री सहा किलोची आहे. माझ्या कपाच्या तळाशी उरलेली कॉफी ती रोज चाटते, त्यानं कधी काही झालं नाही. पण गेल्या आठवड्यात मुलानं परीक्षेसाठी आणलेली, झोप उडवणाऱ्या कॅफिनच्या गोळ्यांची पट्टी तिनं चावून टाकली. किती पोटात गेल्या ते कळेना. घरचे म्हणाले, ‘दूध पाजा, तासभर बघू.’ आम्ही न थांबता दवाखाना गाठला आणि ती वाचली. थांबलो असतो तर काय झालं असतं? घरात मांजरही आहे, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, तुम्ही थांबला नाहीत याचा मला फार आनंद झाला. तिच्यासाठी तोच तास मोलाचा होता.

कॅफिन पोटातून रक्तात झपाट्यानं उतरतं. साधारण अर्ध्या ते दोन तासांत जनावर बेचैन होतं, धापा टाकतं, उलट्या करतं, सारखं लघवीला जातं. पुढे छाती धडधडते, अंग थरथरतं, ताप चढतो आणि झटके येतात. औषध देऊन उलटी करवणं हा आमच्या हातातला सर्वांत सोपा उपाय, पण तो लक्षणं दिसण्याआधीच करता येतो. अंग थरथरू लागल्यावर उलटी करवली तर ती फुप्फुसात जायची भीती असते. म्हणजे लक्षणांची वाट पाहणारा माणूस नकळत हा उपाय गमावून बसतो. कॅफिनवर उतारा नाही. मग सलाइन, झटके थांबवणारी औषधं, हृदयाची गती आवरणारी औषधं, असं करत ते शरीराबाहेर पडेपर्यंत जनावराला सांभाळावं लागतं. लघवीची नळी घातली की घरचे घाबरतात. पण मूत्राशयात उतरलेलं कॅफिन तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं, म्हणून मूत्राशय रिकामं ठेवावं लागतं.

कपाच्या तळाच्या कॉफीनं काही झालं नाही, यामागे साधा हिशेब आहे. वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होतो, 40 ते 50 ला हृदयाची लय बिघडू शकते आणि 60 च्या पुढे झटक्यांची भीती असते. दोन-तीन चमचे कॉफीत 5-6 मिलिग्रॅम कॅफिन असेल, म्हणजे तुमच्या कुत्रीला किलोमागे जेमतेम एक. पण 200 मिलिग्रॅमच्या दोनच गोळ्या गेल्या तर किलोमागे 66! म्हातारं किंवा हृदयविकार असलेलं जनावर तर याहून कमी मात्रेतही ढासळतं. ती चाटायची सवयही मोडाच. कॉफीची गोडी लागलेली कुत्री पुढे पावडरचा डबाही सोडत नाही. वापरलेल्या चोथ्यातही कॅफिन उरतं, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं. एनर्जी ड्रिंक आणि वजन घटवायच्या गोळ्याही उंचावर, बंद कपाटात ठेवा.

दुधानं कॅफिन मरत नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला तर चुकूनही जाऊ नका, त्या मिठानंच जनावर दगावू शकतं. निघण्याआधी दवाखान्यात फोन करा. काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा आणि जनावराचं वजन, एवढं सांगितलंत तरी आमची निम्मी तयारी होते. चावलेली पट्टी सोबत आणा.

आता मांजर. चार किलोच्या मांजराला 200 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे 50, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती डोकेदुखीच्या गोळ्यांची. त्यांतल्या काहींत कॅफिनबरोबर पॅरासिटामॉल असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एक गोळीही जीव घेऊ शकते. त्यामुळे मांजरानं अशी गोळी नुसती चाटल्याची शंका आली, तरी रात्र असो की पहाट, त्याला लगेच दवाखान्यात न्या आणि गोळीत पॅरासिटामॉल होतं हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा, कारण पॅरासिटामॉलवर मात्र उतारा आहे.