न सांगता कळत नाही

सप्रेम आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर जे बोललास ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तू शिकवतोस त्या एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात मागच्या तीन बाकांवरची मुलं तोंड उघडत नाहीत, पहिल्या इंटर्नल परीक्षेला निम्मी आलीच नाहीत, त्यांच्यासाठी थांबलं तर सिलॅबस राहतो आणि नाही थांबलं तर रात्री तुझा डोळा लागत नाही. इथवर मी ऐकून घेतलं. पण मग तू म्हणालास, "मॅडम, मीपण पाड्यावरूनच आलो होतो. मला कोणी भरवलं नव्हतं." तिथे मला राग आला. फोनवर भांडायचं नाही म्हणून लिहायला बसले.

तुला भरवलं होतं. हॉस्टेलवर तुझ्या शेजारच्या कॉटवर टीवायचा, तिसऱ्या वर्षाचा, एक मुलगा होता, आठवतो? जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, कुठे मिळतं, सर्टिफाय कधी करून घ्यायचं, कोणत्या सरांना स्टाफरूममध्ये गाठायचं, स्कॉलरशिपचा फॉर्म कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे सगळं त्याने तुला पहिल्या पंधरा दिवसांत सांगितलं. निरोप समारंभाच्या दिवशी तूच मला हे सांगितलं होतंस. तू हुशार होतास यात वाद नाही. पण तुझ्याच तालुक्यातले आणखी चौघे तेव्हा आले होते आणि दिवाळीनंतर परत आले नाहीत. त्यांच्या खोलीत तो सीनियर नव्हता.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे: जे न सांगता कळेल असं तुला वाटतं, ते वर्गात मोठ्याने सांग. शिक्षकाच्या घरातल्या मुलाला ते जेवताना कळतं. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला आलं असेल, तर त्याला ते कळायला दुसरी जागाच नाही. एखाद्या विषयात नापास होऊन केटी लागली म्हणजे कॉलेज संपलं, असं समजून बिछाना गुंडाळून गावी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. नापास विषय पुन्हा देता येतो, एवढं एक वाक्य त्यांना कोणी बोललं नव्हतं.

माझ्याकडूनही हे झालंय. तुझ्या कितीतरी आधीची गोष्ट. सातपुड्यातला एक मुलगा होता, वर्षभर एक शब्द बोलला नाही. पण टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून मोजायच्या प्रयोगाला, उभा राहिला की बघत राहावं. शेवटी शेवटी ब्युरेटच्या, त्या खुणा केलेल्या काचेच्या नळीच्या, टोकाला अर्धा थेंब लटकता ठेवायचा, तो फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवायचा, वॉश बॉटलने खाली उतरवायचा, आणि फिकट गुलाबी रंग टिकतो का ते बघत श्वास धरून उभा राहायचा. वर्षाअखेर तो सहीसाठी आला तेव्हा हातात सुटे कागद होते, दोऱ्याने बांधलेले. मी म्हणाले, जर्नल नाही तर सही नाही. तो काही बोलला नाही. कागद टेबलावरच ठेवून गेला. त्याची टर्म ग्रँट झाली नाही, परीक्षेला बसता आलं नाही.

नंतर त्याच्या गावच्या एका मुलाकडून कळलं की बाजारातल्या दोन दुकानांत विचारून तो परत आला होता. जर्नल कॉलेजच्याच स्टोअरमध्ये मिळतं, आणि कॉलेजला स्टोअर असतं, हे त्याला माहीत नव्हतं. ते कागद माझ्या कपाटात आहेत. प्रत्येक प्रयोगाची तिन्ही रीडिंग्ज ०.१ मिलीच्या आत. त्या बॅचमध्ये इतकं नेमकं काम दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

त्यानंतर मी पहिल्या दिवशी पहिला तास फक्त सांगण्यात घालवू लागले. स्टाफरूममध्ये म्हणायचे, बाई लाड करतात, स्टँडर्ड घसरवतात. तुझे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, आज तुला तेच ऐकवतायत. मी एकही मार्क फुकट दिलेला नाही. पेपर तोच होता, पास व्हायचे मार्कही तेच. मी फक्त दरवाजा कुठे आहे ते दाखवलं, आणि हे मी आजही कोणासमोरही म्हणेन.

भाषेचंही तेच. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका मुलीला डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारली, ती खाली बघत उभी. तिच्या घरी म्हशी होत्या, रोज डेअरीत दूध घालायची. मी विचारलं, दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटरवरची डिग्री का उतरते? ती पाच मिनिटं बोलत होती. धारोष्ण, कोमट दुधाचीही डिग्री कमी लागते, म्हणून आधी थंड होऊ द्यायचं, हेसुद्धा तिनेच सांगितलं. मी तिला काहीही शिकवलं नाही. तुला जे येतं त्याला पुस्तकात डेन्सिटी म्हणतात, एवढंच सांगितलं. तू इंग्रजीत व्याख्या पाठ करून घेतोस आणि मग मुलं गप्प का म्हणून विचारतोस!

मुलांच्या सवडीचाही विचार कर. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी लवकर भरवले. आणि आम्ही काय केलं? रेमेडियलचा, मागे पडलेल्या मुलांसाठीचा जादा, तास संध्याकाळी पाचला ठेवला. शेवटची एसटी पावणेपाचची. मुलांना गरजच वाटत नाही, असा शेरा आम्ही वर्षाच्या अहवालात मारला. त्याखाली माझी सही आहे.

२०१६ च्या दिव्यांग कायद्याने ५ टक्के जागा राखीव झाल्या, तेव्हा तुझ्या वर्गात अंधुक दिसणारं मूलही येईल. फळ्यावर जे लिहितोस ते तोंडाने बोलत जा. "हे इथून तिकडे जातं" असं नको. काय, कुठून, कुठे जातं ते शब्दांत सांग.

पुढच्या बाकावरची मुलं कंटाळतात म्हणालास. कंटाळू दे दहा मिनिटं. त्यांना ते दोनदा ऐकून तोटा नाही. मागच्यांना एकदाही ऐकायला मिळालं नाही तर वर्ष जातं. तू तासिका तत्त्वावर आहेस, एचओडींना दुखवणं तुला परवडत नाही, हे मला कळतं. वेळापत्रक तुझ्या हातात नाही, सिलॅबस नाही. पण सांगायला कोणाची ऑर्डर लागत नाही.

पुढच्या इंटर्नलआधी मागच्या वर्षीच्या एका चांगल्या उत्तरपत्रिकेची, नाव झाकून, झेरॉक्स काढ आणि वाट. पाच मार्कांचं उत्तर किती लांब असतं हे त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जे आले नाहीत त्यांना एकेकट्याने गाठ, वर्गात उभं करू नकोस. आणि सोमवारी गेलास की आधी जर्नल कुठे मिळतं ते फळ्यावर लिही. स्टोअर कोणत्या जिन्याखाली आहे, किंमत किती, आणि कोणत्या वेळेला बंद असतं, तेही लिही.

तुझी,
मॅडम